सुपातला कॉम्प्युटर

मुंबईच्या बाजारात सुटे भाग खोक्यात बांधून देताना दुकानदार म्हणाला होता, "जोडून देऊ का साहेब? अर्ध्या तासाचं काम आहे." मी म्हणालो, "नको, आम्ही जोडू." पुढच्या आठवड्यात जे काही झालं ते या तीन शब्दांमुळे झालं. त्यातला 'आम्ही' हा शब्द तर माझ्या पत्नीला, नीताला, अजून सलतो. जोडताना मी एकटाच होतो. निस्तरताना आम्ही झालो.

मी जव्हारला एका सरकारी कार्यालयात लिपिक आहे. कोणत्या ते सांगत नाही, कारण ते कार्यालय अजून तिथेच आहे आणि मीही. एकदा तिथलं प्रती काढायचं सायक्लोस्टाइल मशीन बंद पडलं होतं. मी त्याच्या पोटात हात घालून एक पेन्सिल बाहेर काढली आणि ते चालू झालं. तेव्हापासून 'घाटाळ भाऊसाहेबांना मशिनरीतलं कळतं' असं पसरलं. पेन्सिल माझीच होती हे मी कुणाला सांगितलं नाही. माणसाला आयुष्यात फार थोड्या वेळा मान मिळतो, तो मिळत असताना खुलासे करत बसू नयेत.

कॉम्प्युटर मात्र हौसेचा नव्हता. नीता पोशेऱ्याला शाळेत शिकवते, रोज एसटीने जाऊन-येऊन. पहिलीत येणाऱ्या पोरांना घरची बोली येते, पुस्तकातली मराठी येत नाही. अननसाचं चित्र दाखवलं तर एका पोरीने ते मक्याचं कणीस आहे असं सांगितलं आणि सगळ्या वर्गाला ते पटलं. मग नीताने गावातल्या पोशी नावाच्या म्हातारीकडून गोष्टी लिहून घ्यायला सुरुवात केली. वहीच्या डाव्या पानावर पोशीच्या तोंडची बोली, उजव्या पानावर तीच गोष्ट पुस्तकी मराठीत. दोन वर्षांत बारा गोष्टी जमल्या. तेवढ्यात मोखाड्याच्या शैक्षणिक साहित्य प्रदर्शनाचं पत्रक आलं. चांगल्या साहित्याच्या प्रती काढून तालुक्यातल्या शाळांना देणार होते. अट एकच, मजकूर संगणकावर टंकलिखित हवा.

"उमेशच्या क्लासमध्ये टाइप करून घेते," नीता म्हणाली.

"घरात कॉम्प्युटर आणता येत असताना बाहेर टाइप करायचं?" मी विचारलं. मी मराठी टंकलेखनाची परीक्षा पहिल्या प्रयत्नात पास झालेला माणूस. दिवाळीनंतरचे दिवस होते, सन दोन हजार तीन. प्रदर्शन एका सोमवारी होतं, कॉम्प्युटर आणून जोडून झाल्यावरही हातात आठ दिवस उरणार होते. नीताने वही माझ्या स्वाधीन केली. ती देताना तिने ती दोन्ही हातांनी दिली, हे मला नंतर आठवत राहिलं.

रविवारी सकाळी उद्‍घाटन होतं. शनिवारभर खपून मी सगळं जोडलं होतं. माहितीपुस्तकात जेवढी चित्रं होती तेवढी पाहिली होती आणि जेवढं इंग्रजी होतं तेवढं सोडलं होतं. शेजारचे पांडूतात्या नारळ घेऊन आले. तात्या एसटी डेपोतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेत, पण नियंत्रण त्यांनी सोडलेलं नाही. आळीतल्या चार बायका, त्यांची पोरं, समोरचा शिंपी, असे सगळे आमच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीने उभे. नारळ फुटला, कॉम्प्युटरला हळदकुंकू लागलं. मी मागचं बटण चालू केलं, खाकरलो आणि पुढचं बटण दाबलं.

आतला पंखा पाव फेरा फिरला आणि थांबला.

पुन्हा दाबलं. पंखा जागचा हललासुद्धा नाही. मागचं बटण बंद करून चालू केलं, पुन्हा दाबलं. पाव फेरा, आणि गप्प.

"नवीन आहे. लाजतंय," तात्या म्हणाले.

अकरा वेळा दाबून झाल्यावर लोकांनी खोबरं खायला सुरुवात केली. त्या दाटीत मला कुणाचा चेहरा दिसत नव्हता, पण खोबरं चावल्याचा आवाज स्पष्ट येत होता. समोरचा शिंपी जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. मयताच्या घरून निघताना ठेवतात तसा.

तात्या मागे थांबले. त्यांच्या मते गाडी सेल्फ मारल्यावर गुर्र करून बसते, तसलाच हा प्रकार होता. गाडी असती तर ढकलली असती. ती सोय इथे नसल्यामुळे दोष अर्थिंगचा. घरामागे अर्थिंगचा खड्डा आहे, त्यात मिठाचं पाणी ओतलं की करंट मोकळा होतो, हे त्यांनी डेपोत सव्वीस वर्षं पाहिलेलं. आम्ही दोघांनी बादलीत मीठ कालवलं आणि खड्ड्याला पाजलं. कॉम्प्युटरवर परिणाम झाला नाही. परिणाम झाला तो दुपारच्या जेवणावर, कारण घरातलं सगळं मीठ खड्ड्यात गेलं होतं आणि रविवारी आमच्या बाजूचं वाण्याचं दुकान दुपारी बंद असतं. नीता अळणी आमटी जेवली आणि काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला भूक लागत नाही.

सोमवारी मी वीज कचेरीत गेलो. व्होल्टेज कमी असणार, असं माझं आणि तात्यांचं एकमत झालं होतं. अर्ज लिहून नेला होता: 'विषय: संगणक सुरू न होणेबाबत.' तिथल्या लिपिकाने तो वाचून परत दिला.

"असा विषय आमच्या रजिस्टरात नाही, भाऊसाहेब."

"मग काय आहे?"

"मीटर, वायर, दिवा, पंखा, शेगडी, पंप."

मी स्वतः लिपिक असल्यामुळे त्याची अडचण मला समजत होती. समोरच्याच्या दुःखाला आपल्या रजिस्टरात रकाना नसला की फार पंचाईत होते.

"तुमच्या त्या संगणकात नक्की काय चालत नाही?" त्याने विचारलं.

"तसं काहीच चालत नाही. आतला पंखा तेवढा पाव फेरा फिरतो."

"मग झालं की. पंखा." त्याने अर्जातला 'संगणक' खोडून 'पंखा' केलं आणि माझी सही घेतली.

मंगळवारी सकाळी वायरमन आला. लक्ष्मण नावाचा, शिडी घेऊन आलेला शांत गृहस्थ. तो आत आला, त्याने वर पाहिलं, भिंतीवरचं बटण दाबलं. छताचा पंखा गरगर फिरू लागला. लक्ष्मणने एक, दोन, तीन, चार, पाच असे सगळे वेग लावून पाहिले. मग खिशातून कागद काढून लिहिलं, 'पंखा सुस्थितीत. तक्रार निकाली.'

"हा पंखा नाही हो," मी म्हणालो आणि त्याला टेबलाखाली बसवून कॉम्प्युटरचा पंखा दाखवला.

त्याने त्या एवढ्याशा पंख्यापुढे तळहात धरून पाहिला. "याच्यानं वारा कुणाला लागनार?" त्याने विचारलं.

माणूस मात्र भला निघाला. त्याने सॉकेटला बल्ब लावून पाहिला, तो लख्ख पेटला. अर्थिंग तपासलं, तेही चोख निघालं. "लाइट बेस हाय. अर्थिंग तर असं मी जव्हारात पाह्यलं नाय," तो म्हणाला. ते मिठाचं श्रेय तात्यांनी लगेच घेतलं. म्हणजे आता वीज निर्दोष सुटली होती आणि आरोपी म्हणून खोलीत मी आणि कॉम्प्युटर दोघेच उरलो होतो.

त्या संध्याकाळी मी उमेशला बोलावलं. उमेश बाजारात कॉम्प्युटर क्लास चालवतो. त्याला बोलावणं म्हणजे काय हे फक्त मला माहीत, कारण आठवड्यापूर्वीच मी त्याच्या क्लासमध्ये उभा राहून म्हणालो होतो की यात विशेष असं काही नसतं. हे तो विसरला नव्हता, पण सुस्वभावी असल्यामुळे त्याने फक्त हसून दाखवलं.

"काका, स्क्रीनवर काय येतंय?"

"काही येत नाही."

"एरर काय येतोय?"

"अरे, काहीच येत नाही. काळं आहे."

"म्हणजे विंडोज उडालंय."

"विंडोज अजून टाकलंच नाही."

उमेशने मान हलवली. "मग तेच." थोड्या वेळाने तो प्रामाणिकपणे म्हणाला, "काका, स्क्रीन आली की पुढचं मी सगळं करून देतो. स्क्रीन यायच्या आधीचं मला शिकवलेलं नाही."

तरी त्याने एक उपाय केला. मेमरीची पट्टी काढून तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासलं. ते पाहून तात्यांनी दुसरं खोडरबर घेतलं आणि सापडेल ती वस्तू घासायला सुरुवात केली. अर्ध्या तासात आमचा कॉम्प्युटर आतून इतका स्वच्छ झाला की तसा चालू कॉम्प्युटरही नसेल. बटण दाबलं. पाव फेरा.

नीता दारात उभी होती. तिने उमेशला विचारलं, "तुझ्याकडे आमची वही टाइप करून होईल का रे? सोमवारच्या आत?"

उमेश कानकोंडा झाला. "बाई, मागच्या आठवड्यात बोलला असता तर केलं असतं. आता परीक्षेची बॅच आहे, एक मशीन रिकामं नाही. प्रिंट लागली तर काढून देईन कधीही."

तो गेला, तात्याही गेले. मी खाली बसून स्क्रू ड्रायव्हर पिशवीत भरत होतो. खरं सांगायचं तर तोपर्यंत मी हा सगळा प्रकार माझ्या अब्रूचा समजत होतो. नीता वही उघडून बसली होती आणि पानं उलटत होती. पोशीला दात नाहीत, त्यामुळे काही शब्द तिला चार-चार वेळा विचारावे लागले होते, त्यांच्या खुणा पानापानांवर होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की बुडणारी गोष्ट माझी नव्हतीच.

"नीता, माझं चुकलं," मी म्हणालो. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, त्यामुळे वाक्य नवीन नव्हतं, पण या वेळी मी ते कुणी न सांगता म्हणालो होतो.

तिने वही मिटली. "उद्या ते खोकं घेऊन माझ्याबरोबर चला. ढवळूला दाखवू."

ढवळू पोशेऱ्याचा. बरीच वर्षं भिवंडीत विजेच्या मोटारींना तार भरायचं काम करून गावी परत आलेला. आता तो शेतातले पंप दुरुस्त करतो. पंपवाल्याला कॉम्प्युटर दाखवायचा, हे ऐकून माझा मान पुन्हा एकदा डोकं वर काढत होता. पण मी त्याला खाली बसवलं.

बुधवारी किरकोळ रजा हवी होती, म्हणून सकाळीच अर्ज घेऊन साहेबांच्या घरी गेलो. अर्जात मी कारण लिहिलं, 'संगणक सुरू होत नसल्यामुळे.' साहेबांनी तो वाचून परत दिला. "घाटाळ, या कारणाने रजा दिली तर उद्या सगळं कार्यालय रजेवर जाईल. दुसरं लिहा." मी 'घरातील सदस्याची प्रकृती बरी नसल्यामुळे' असं लिहिलं. साहेबांनी सही केली आणि तब्येतीला जपा म्हणाले.

मोखाड्याच्या गाडीत मी कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन बसलो. धूळ जाऊ नये म्हणून नीताने तो जुन्या चादरीत गुंडाळला होता. कंडक्टरने विचारलं, काय आहे. मी म्हणालो, कॉम्प्युटर. चालू आहे का बंद, त्याने विचारलं. बंद आहे म्हटल्यावर मागच्या बाकावरची एक म्हातारी पुढे वाकली. कशानं बंद, कधीपासून, काही खात होता का? घाटाच्या वळणावळणाने गाडी जात होती आणि त्यातला प्रत्येक माणूस आपापल्या घरी बंद पडलेल्या वस्तूची हकीकत सांगत होता. कुणाचा रेडिओ, कुणाची पिठाची गिरणी, एकाचा तर मेहुणा. उतरताना ती म्हातारी चादरीवरून हात फिरवून म्हणाली, "बरा होल तो."

ढवळू ओट्यावर बसून पंपाला तांब्याची तार भरत होता. साठीचा माणूस, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. नीताने सगळं सांगितलं. मी मध्येच 'मदरबोर्ड' वगैरे दोन-तीन शब्द टाकले. त्याने ते ऐकून घेतले.

"भाऊसाहेब, म्यां कॉम्प्युटर कधी खोलला नाय," तो म्हणाला. "पन पंखा पाव फिरून बसतो ना, तसा आमचा पंप पन बसतो. करंट जातो, कठंतरी बॉडीला लागतो, मंग मशीन घाबरून बंद होतो. भिवंडीला फोरमन सांगायचा, मोटर बोलत नाय तर पैले बॉडी अलग करो."

"म्हणजे?"

"समदं भायेर काढा. डब्याच्या भायेर."

मी शनिवारभर खपून जे आत बसवलं होतं ते दहा मिनिटांत बाहेर आलं. आता ते ठेवायचं कशावर? लोखंड नको, ओली जमीन नको. ढवळूने घरात हाक मारली आणि त्याच्या सुनेने सूप आणून दिलं. नागली, म्हणजे नाचणी, पाखडायचं बांबूचं सूप, नुकतंच शेणाने सारवून वाळवलेलं. त्या सुपात मदरबोर्ड, म्हणजे सगळं ज्यावर बसतं ती पाटी, ठेवला, शेजारी वीज पुरवणारा छोटा डबा ठेवला. बाहेरच्या मोठ्या डब्यावरच्या बटणाची वायर सुपापर्यंत पुरत नव्हती, तेव्हा ढवळूने माहितीपुस्तकातलं चित्र बघायला मागितलं. इंग्रजी त्यालाही येत नव्हतं, पण तो चित्र माझ्यासारखं बघत नव्हता. बोट ठेवून एकेक रेघ कुठून निघते आणि कुठे जाते ते बघत होता. शेवटी त्याने दोन टाचण्यांएवढ्या पिना दाखवल्या.

"बटन मंजे काय, ह्या दोन एकमेकीला लावायच्या. लावा स्क्रू ड्रायव्हर."

"मी?"

"मशीन तुमचा हाय ना?"

मी देवाचं नाव घेतलं आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक त्या दोन पिनांना टेकवलं.

पंखा फिरला. पाव फेरा झाला, अर्धा झाला, पूर्ण झाला, मग फेरे मोजता येईनात. आणि छोट्या स्पीकरमधून एक आवाज आला, 'टुक.'

ओट्यावरची कोंबडी मान वाकडी करून सुपाकडे बघत होती. मग नीता हसायला लागली. हसता हसता तिने पदर तोंडाला लावला, आणि मीही स्क्रू ड्रायव्हर हातात धरूनच हसत सुटलो. ढवळूची सून आतून आली आणि म्हणाली, "परत एकदा वाजवा." आम्ही बंद करून परत चालू केला. 'टुक.' शेजारच्या दोन घरांतली माणसं आली, त्यांनाही ऐकवलं. त्या दिवशी पोशेऱ्यात तो आवाज निदान पंधरा वेळा झाला असेल आणि प्रत्येक वेळी मला तो पहिल्याइतकाच गोड वाटला.

ढवळूने मग रिकामा डबा उन्हात धरला. डब्याच्या पत्र्याला पितळेचे छोटे खुंट बसवतात, त्यावर बोर्ड टेकतो. बोर्डाला भोकं होती सहा. मी खुंट बसवले होते नऊ, कारण पिशवीत नऊ निघाले होते आणि उरलेली वस्तू म्हणजे झालेली चूक असं मला शाळेपासून वाटत आलं आहे. ते जादाचे तीन बोर्डाच्या पाठीला टोचत होते आणि करंट सरळ पत्र्यात नेत होते.

"मजबुतीसाठी लावले होते," मी म्हणालो.

"मजबूत झाला ना," ढवळू म्हणाला. "इतका का हलंच ना."

दोन खुंट निघाले. तिसरा मी एवढ्या जिद्दीने पिळला होता की त्याचे आटे गेले होते. तो जागच्या जागी गोल फिरायचा, बाहेर येईना. कापायला आरी हवी, ती मोखाड्याला कुणीतरी नेलेली, शनिवारशिवाय येणार नाही. "तवर सुपातच चालवा," ढवळू म्हणाला. "सूप घेऊन जा. नागली पाखडायला दुसरा हाय."

परतीच्या गाडीत रिकामा डबा नीताकडे आणि सूप माझ्या मांडीवर, वर स्वच्छ पंचा झाकलेला. झाकलेलं सूप घेऊन चाललेला माणूस म्हणजे देवाचं काहीतरी घेऊन चालला असणार, अशी सगळ्यांची समजूत झाली. मला खिडकीची जागा मिळाली. दोन बायकांनी सुपाला नमस्कार केला. मी खुलासा करणार होतो, पण नीताने कोपर मारलं.

घरी आल्यावर सूप टेबलावर ठेवलं, स्क्रीन जोडली, स्क्रू ड्रायव्हर टेकवला. स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली. उमेश धावतच आला आणि त्याने जे म्हटलं होतं ते खरं केलं. स्क्रीन आल्यानंतरचं सगळं त्याला येत होतं. दोन तासांत विंडोज बसलं, मराठी अक्षरं बसली. सुपाकडे बघून मात्र तो म्हणाला, "काका, माझ्या क्लासच्या पोरांना हे दाखवू नका. त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडेल." तात्यांनी पाहिलं आणि जाहीर केलं की गाडीसुद्धा बॉनेट उघडं ठेवून चालवली तर गरम होत नाही.

गुरुवारपासून मी टाइप करायला बसलो. कार्यालयातून आलो की नीता वही घेऊन शेजारी बसायची आणि वाचायची, मी बडवायचो. इथे मात्र माझा खरा मान मला मिळाला. माझी बोटं चालू लागली की नीतालाच धाप लागायची. पोशीच्या गोष्टी मी तोपर्यंत कधी नीट ऐकल्या नव्हत्या. त्यातली एक किरव्याची होती. किरवा म्हणजे खेकडा. तो सासुरवाडीला निघतो, पण तिरपा चालत असल्यामुळे दर वेळी भलत्याच घरी पोचतो. ज्या घरी पोचतो ते घर त्याला जावई समजून जेवू घालतं. ती टाइप करताना मी दोनदा थांबून हसलो आणि नीता माझ्याकडे अशी बघत होती जशी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात बघायची.

शुक्रवारी रात्री वीज गेली. पुन्हा सुरू होईल की नाही या भीतीने मी गुरुवारपासून कॉम्प्युटर बंदच केला नव्हता. मी तीन गोष्टी टाइप केल्या होत्या आणि त्या साठवून ठेवायच्या असतात हे मला माहीत नव्हतं. पूर्वीचा मी असतो तर वीज कचेरीला अर्ज लिहिला असता. आता मी फक्त नीताकडे पाहिलं. ती म्हणाली, "तोंडपाठ झाल्या असतील आता. वीज आली की परत बडवा." वीज आली, मी बडवल्या, आणि प्रत्येक ओळीनंतर साठवल्या. रविवारी संध्याकाळी बारावी गोष्ट संपली. उमेशने फ्लॉपी घेतली आणि बेचाळीस पानं छापून आणून दिली. कोमट होती अजून. नीताने ती पुन्हा पुन्हा लावून सरळ केली.

सोमवारी मोखाड्याच्या प्रदर्शनात मी नव्हतो, रजा संपल्या होत्या. नीताने येऊन सांगितलं ते असं. थर्माकोलचे ज्वालामुखी आणि आगपेट्यांच्या मोजपट्ट्या यांच्यामध्ये तिचं पुस्तक एका टेबलावर ठेवलेलं होतं. तपासायला आलेले साहेब एकेक टेबल बघत, मान हलवत पुढे जात होते. तिच्या टेबलापाशी त्यांनी पुस्तक उघडलं, उभ्या उभ्या किरव्याची गोष्ट वाचली, आणि मग कुणीतरी दिलेल्या खुर्चीवर बसून दुसरी वाचली. तिसरीला चहा थंड झाला. शेवटी त्यांनी विचारलं, "याच्या किती प्रती लागतील?" नीता म्हणाली, "पोरं किती आहेत?"

पहिल्या पन्नास प्रती पुढच्या महिन्यात आल्या. दुसऱ्या शनिवारची सुट्टी होती म्हणून मी नीताबरोबर पोशेऱ्याला गेलो. शाळेच्या व्हरांड्यात पहिलीची पोरं मांडी घालून बसली होती, प्रत्येकाच्या हातात पुस्तक. ढवळू आला होता. पोशीला मुद्दाम बोलावून आणून भिंतीला टेकवून बसवलं होतं. वाचायला उभी राहिली पोशीची नात, चैती. हीच ती अननसाला कणीस म्हणणारी, आता तिसरीत गेलेली.

चैतीने अक्षरांवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. "किरवा... सासुरवाडीला... निघाला." एवढं वाचून ती थांबली, तिने पुस्तकातून मान वर करून आजीकडे पाहिलं. पुस्तक आपल्या घरातलं बोलतंय हे तिला तेव्हा कळलं असावं. मग ती भराभर वाचू लागली. पोरं खिदळत होती. नीता फळ्यापाशी उभी राहून उगाचच फळा पुसत होती.

"किरव्याला त्यांनी वाढली तांदळाची भाकर," चैतीने वाचलं.

"थांब," पोशी म्हणाली. "कंची भाकर?"

"तांदळाची."

"तांदळाची कोन म्हनला? नागलीची भाकर होती ती."

सगळ्यांनी नीताकडे पाहिलं. नीताने वहीत पाहिलं, तिथे नागलीचीच होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. वीज गेल्यावर दुसऱ्यांदा टाइप करताना, जावई घरी आलाय म्हटल्यावर, माझ्या बोटांनी परस्पर तांदळाची भाकर वाढली होती.

"माझी चूक आहे, आजी," मी कबूल केलं. "पाहुणा म्हणून चांगली वाढली."

पोशीने मला नीट पाहून घेतलं. "किरवा तिरपा चालं का? चालं. तो रोज भलत्या घरी जाय का? जाय. मंग रोज तांदूळ कोन दील त्याला?"

ढवळू हसून हसून खोकायला लागला. पोशीने चैतीच्या हातातलं पुस्तक घेतलं, ते मिटलं, शेजारी ठेवून दिलं, आणि नीट मांडी घालून ती गोष्ट पहिल्यापासून सांगायला लागली. या वेळी गोष्टीत एक ओढा जास्त होता आणि दोन घरं, जी वहीतही नव्हती. नीता पेन शोधायला धावली. मी पोरांच्या रांगेत जाऊन बसलो. शाळा सुटायची घंटा झाली, कुणी उठलं नाही, आणि किरवा अजून दुसऱ्याच घरी नागलीची भाकर खात होता.